निम्मा निरोप

कर्वेनगर, पुणे
१२ मार्च २००४

कु. श्रद्धा गावंडे,
वरचा मजला, आमच्याच घराचा.

काल संध्याकाळी आपण जिन्यात उभ्या राहून मोबाईलवर पुढील वाक्य उच्चारलंत: "चौघंही गोठले! ड्रायव्हरसकट!" हे वाक्य खालच्या मजल्यावर स्वच्छ ऐकू आलं. समोरच्या बंगल्यातल्या लिमये वहिनींनी खिडकी उघडली, आणि त्या उगाच खिडकी उघडणाऱ्यांतल्या नाहीत.

बाहेर माणसं उन्हानं करपताहेत. अशा वेळी चौघं कुठे गोठले, कसे गोठले आणि त्यात आमच्या घराचा काही संबंध आहे का, याचा लेखी खुलासा व्हावा. तोंडी नको. पाटबंधारे खात्यात जन्म गेल्यावर तोंडी गोष्टींवरचा माझा विश्वास उडालेला आहे. कागद दाराच्या फटीतून सरकवावा. बेल वाजवू नये.

दुसरा विषय. आमच्या सौ.चं आणि माझं बोलणं बंद आहे, हे आपणास ठाऊक आहेच. सकाळी ऑफिसला जाताना आपण स्वयंपाकघरात डोकावून माझा निरोप त्यांना सांगता आणि त्यांचा मला, ही व्यवस्था गेल्या मे महिन्यापासून समाधानकारक चालू आहे. आजचा निरोप असा: "आमटीत चिंच आहे की चिंचेत आमटी, याचा एकदा निकाल लागावा." शब्द हेच असावेत.

तात्याराव निजसुरे
(घरमालक)


वरचा मजला
१३ मार्च

ती. तात्यारावकाका यांस सा. न.

कुणीही मेलेलं नाही. ती चार माणसं कॉम्प्युटरमधली होती.

आमची कंपनी एका जर्मन मोटार कंपनीसाठी गाडीच्या एसीचं गणित करून देते. म्हणजे गाडी बनवायच्या आधीच कॉम्प्युटरवर बघायचं की उन्हात तापलेली गाडी किती वेळात गार होईल. यात दोन प्रोग्रॅम आहेत. एक बॉनेटखालचा: कॉम्प्रेसर, गॅस, थंड हवा तयार करणारी सगळी यंत्रणा. तो सुदर्शन बघतो. दुसरा गाडीच्या आतला: हवा कुठून कुठे फिरते, काचेतून ऊन किती येतं, बसलेल्या माणसांना कसं वाटतं. तो माझा. दोन्ही आपापल्या जागी शहाण्यासारखे वागतात. पण खऱ्या गाडीत ते एकत्र असतात, म्हणून दोघांना जोडायचं आहे. माझ्या प्रोग्रॅमने सांगायचं, "आत इतकं गरम आहे," त्यावरून सुदर्शनच्या प्रोग्रॅमने सांगायचं, "मग घे, इतकी थंड हवा." मग पुन्हा माझ्याने, पुन्हा त्याच्या.

जोडल्यावर मात्र दोघांची भांडणं लागतात. माझा ओरडतो, मेलो, उकडतंय! त्याचा घाबरून बर्फच ओततो. माझा ओरडतो, मेलो, गारठलो! त्याचा रुसून सगळं बंद करतो. चारपाच फेऱ्यांत माणसं एकदा भाजतात आणि एकदा गोठतात. परवा गोठली. सुदर्शन म्हणतो चूक माझ्याकडे आहे. माझं मत वेगळं आहे. आता आम्ही एकमेकांशी फक्त फायलींतून बोलतो.

मेअखेरपर्यंत जमलं नाही तर हे काम बंगळूरच्या ऑफिसला जाणार, आणि कामाबरोबर मी. मला जायचं नाही काका. अकोल्याहून आल्यावर तीन घरं बदलली, तेव्हा कुठे हे घर घरासारखं लागलं.

तुमचा निरोप पोहोचवला. काकूंचा निरोप: "चिंचेचं बघते."

आपली
श्रद्धा


खालचा मजला
१५ मार्च

कु. श्रद्धा,

खुलासा मिळाला. ग्राह्य आहे.

माझ्या अडाणी मताप्रमाणे गाडीला एसी ही मुळातच चैन आहे. मागच्या मे महिन्यात आमच्या मारुतीतून नाशिकला गेलो, सौ.च्या बहिणीकडे. काचा पूर्ण लावून गेलो. काचा उघडल्या की वारा अडतो आणि पेट्रोल जास्त जळतं, हे शास्त्र आहे, आपण इंजिनिअर आहात, आपणास माहीत असेल. पोहोचल्यावर सौ. घामाने निथळत होत्या. मी मेहुणीसमोर एवढंच म्हणालो, "हिला कष्टाची सवय नाही, म्हणून घाम येतो." त्या दिवसापासून अबोला आहे. यात न बोलण्यासारखं काय होतं हे मला आजतागायत समजलेलं नाही.

बंगळूरबद्दल: खोली सोडायची तर एक महिन्याची लेखी नोटीस लागते, याची नोंद घ्यावी. तिकडे म्हणे सांबारात गूळ घालतात. आपल्याला मानवणार नाही. शिवाय नवीन भाडेकरू आला तर तो सकाळी स्वयंपाकघरात डोकावेलच असं नाही. हल्लीची माणसं कानाला वायर लावून थेट गेटबाहेर पडतात. तेव्हा ते जोडकाम जमवावं, ही विनंती. विनंती हा शब्द मी सहसा वापरत नाही.

आमटी सुधारली आहे. सौ.ला सांगावं की आमटीबद्दल सध्या तक्रार नाही.

ता. निजसुरे


पुणे
२८ एप्रिल

चि. श्रद्धास अनेक उत्तम आशीर्वाद.

अकोल्याला भावाचं लग्न छान झालं असेल. आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का? पट्टी सुटेपर्यंत तिला चुलीपाशी जाऊ देऊ नकोस, आणि तू घाईने परत येऊ नकोस, असं लिहायला बसले होते. पण खरं सांगू? लवकर ये गं बाई.

तू गेलीस त्याच दिवशी ह्यांनी फ्रिजवर पाटी लावली. निरोप न्यायला कुणी नाही, म्हणून पाटी! "पोह्यांत शेंगदाणे आहेत. दात माझे आहेत." मला वाईट वाटलं गं. कारण तू मला वर्षभर सांगत होतीस, काकांना पोहे आवडले, काकांना पोहे आवडले. म्हणून तर मी मूठमूठ दाणे घालत होते. मी दुसऱ्या दिवशी दाणे बंद केले, आणि त्याबरोबर कांदा, मिरची आणि मीठही. ह्यांनी पाटी लावली: "रुग्णालयात दाखल झाल्याची कल्पना नव्हती." मग मीही एक पाटी लावली: "खानावळ कोपऱ्यावर आहे." गेले तीन दिवस हे कोपऱ्यावर जेवतात आणि मी एकटी. दोघांनाही पचत नाही.

आता एक विचारते, रागावू नकोस. वर्षभर ह्यांच्या तोंडचे निरोप म्हणून तू जे गोड गोड सांगायचीस, ते कुणाचे होते?

तुझी
इंदूकाकू


पुणे
२८ एप्रिल

कु. श्रद्धा गावंडे यांस,
मुक्काम अकोला.

आपल्या गैरहजेरीत एक गंभीर बाब उघडकीस आली आहे. सौ.नी आज फ्रिजवर लावलेल्या दुसऱ्या पाटीत असं म्हटलं आहे की मला पोहे "आवडतात" असं आपण त्यांना वारंवार कळवलंत. मी "आवडलं" हा शब्द लग्नाच्या वर्षापासून वापरलेला नाही. माझा निरोप होता, "पोह्यांबद्दल तक्रार नाही."

त्यावरून मी मागचं सगळं आठवून पाहिलं. "चिंचेचं बघते." ही भाषा सौ.ची नव्हेच. त्या मुळात काय म्हणाल्या होत्या ते कृपया शब्दशः कळवावं. आमटीच्या, पोह्यांच्या, बाथरूममधल्या दिव्याच्या, सगळ्या निरोपांत आपण भेसळ केल्याचा माझा संशय आहे. धरणातून पाणी किती सोडलं आणि कालव्यात किती पोहोचलं, याचा मेळ आम्ही आयुष्यभर घातला. इथे वाटेत निम्मं गायब!

ह्या विश्वासघाताबद्दल आपणास काय म्हणायचं आहे? उत्तर टपालाने चालेल. पण लवकर यावं. उत्तरही आणि आपणही.

ता. निजसुरे

ता. क. खानावळीतल्या आमटीत चिंच नाहीच. व्हिनेगर असावं.


अकोला
३ मे

ती. तात्यारावकाका आणि ती. इंदूकाकू यांस,

तुमची दोघांची पत्रं परवा एकाच टपालानं आली. मी उत्तर मात्र एकच लिहिते आहे. प्रत एक आहे, वाचायचं असेल तर दोघांना एकाच कागदावर वाकावं लागेल.

हो, भेसळ केली. काका, "आमटीत चिंच आहे की चिंचेत आमटी" हे मी काकूंना "काकांना आज आंबट जरा जास्त वाटलं" असं सांगितलं. आणि काकू, तुम्ही त्यावर "त्यांना म्हणावं, मग स्वतःच्या जिभेलाच फोडणी द्या" असं म्हणाला होतात. ते मी "चिंचेचं बघते" असं सांगितलं. तुम्ही दोघं रागानं बोलायचात, मी त्यातलं निम्मं उचलायची. वाईट वाटतं ते एवढंच की न विचारता केलं.

पण तुमची पत्रं वाचता वाचता मला एकदम माझी गाडी दिसली. तुमचा फ्रिज आणि आमचे प्रोग्रॅम, तेच भांडण! शेंगदाणे जास्त, तर मीठसुद्धा बंद. मीठ बंद, तर खानावळ. सुदर्शनचा प्रोग्रॅम आणि माझा प्रोग्रॅम अगदी असंच करतात. एकाने पूर्ण ओरडायचं, दुसऱ्याने पूर्ण उलटायचं. यावरचा इलाज आमच्या पुस्तकांत पहिल्यापासून लिहिलेला आहे: निरोप एकदम सगळा द्यायचा नाही, बदल थोडा थोडा द्यायचा. मला तो माहीत होता. सुदर्शनलाही. मग केला का नाही? कारण तो म्हणत होता, "माझा आकडा निम्मा का करायचा? म्हणजे तो चुकलाय असं होईल." आणि मीही माझ्या आकड्याबद्दल अगदी हेच म्हणत होते. तुमच्या घरी मला निरोप निम्मा करणं सोपं गेलं, कारण तो माझा नव्हता. स्वतःचा निरोप निम्मा करावासा कुणालाच वाटत नाही.

मी लगेच चौकातल्या एसटीडी बूथवरून सुदर्शनला फोन केला. आधी मी सॉरी म्हटलं. मग त्यानं. तोही निम्मंच म्हणाला, पण पुरलं. त्यानं मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवला, जो दोघांचा निरोप घेतो आणि पुढे थोडा थोडाच देतो. आज त्याचा फोन आला. चौघंही जिवंत आहेत! गाडी हळूहळू गार झाली आणि तिथेच थांबली.

काका, तुमच्या कालव्याच्या मेळाबद्दल. आमच्यातही मेळ बसला. निरोप निम्मा जातो, पण पुन्हा पुन्हा जातो, त्यामुळे शेवटी काहीच गायब होत नाही. दोघं तिथेच येतात जिथे यायला हवं, फक्त वाटेत कुणी गोठत नाही.

आता एक काम आहे, नाही म्हणू नका. जर्मन लोकांना कॉम्प्युटरचं उत्तर खऱ्या गाडीशी ताडून दाखवायचं आहे. सुदर्शनने एक एसीची गाडी मिळवली आहे. ती उन्हात तापवायची, आत खरी माणसं बसवायची, आणि एसी लावून मोजायचं. ऑफिसातली मुलं आधीच पुढच्या दोन जागांवर ठरली आहेत. मागच्या सीटवर दोघं हवेत. मी आईला हे सांगत होते, तर ती पट्टीच्या आडून म्हणाली, "त्या दोघायले एकाच गाडीत कोंड, आपोआप बोलतीन." मी तुम्हाला कोंडत नाही. विनंती करते आहे. ही परीक्षा पास झाली नाही तर मी बंगळूरला.

तुमची
श्रद्धा


पुणे
१७ मे

चि. श्रद्धास,

आईची पट्टी सुटेपर्यंत तू अकोल्यालाच आहेस, म्हणून हा लेखी चाचणी अहवाल.

पत्र दोघांनी वाचलं. एकाच कागदावर वाकलो नाही. मी वाचून टेबलावर ठेवलं, त्यांनी टेबलावरून उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांत मीठ होतं.

काल सुदर्शन गाडी घेऊन आला. आपल्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ती सकाळपासून उन्हात उभी होती. त्याने गाडीत इतक्या तारा सोडल्या होत्या की लिमये वहिनी दोन्ही खिडक्या उघडून उभ्या राहिल्या. मला डावीकडे बसवलं, सौ.ना उजवीकडे. मध्ये तारांचा जुडगा. सूचना अशा: दारं-काचा उघडायच्या नाहीत, हलायचं नाही, आणि एसी सुरू होईपर्यंत तसंच बसून राहायचं. मी सुदर्शनला विचारलं, हे लेखी आहे का. तो म्हणाला, आहे. मग माझा इलाज संपला.

आत बसल्यावर मला कळलं की बंद काचांची गाडी म्हणजे काय. मागच्या वर्षी मी चालवत होतो, माझं लक्ष रस्त्याकडे होतं. मागच्या सीटवर लक्ष दुसरीकडे कुठे जातच नाही. घाम कपाळावरून चष्म्यात आणि चष्म्यातून सदऱ्यावर. सौ. खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्यांनी मान वळवली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या:

"घाम तुम्हालाही येतो तर."

यावर पुष्कळ उत्तरं सुचली. पूर्ण वाक्य तोंडाशी आलं होतं. मग तुझं पत्र आठवलं. निम्मं करायला गेलो, तर शिल्लक एवढंच उरलं: "येतो."

मी रुमाल पुढे केला. त्यांनी घेतला, स्वतःचं तोंड पुसलं आणि परत न देता ठेवून दिला.

मग सुदर्शनने एसी लावला. माझ्या बाजूला गार वारा आला. पाचदहा मिनिटं मी तो घेतला. शेजारी सौ. तशाच लाल. म्हटलं, "तुझ्याकडे येतंय का?" त्या म्हणाल्या, "नाही. घ्या तुम्ही एकट्यानेच, सवय आहे तुम्हाला." हे वाक्य, तुला सांगतो, अजिबात निम्मं नव्हतं. तरी मी म्हटलं, "मग इकडे सरक ना."

त्या सरकल्या. तारांसकट. पुढून सुदर्शन किंचाळला, "काकू, हलू नका! काकू, थर्मामीटर!" तोवर एक तार तुटली होती आणि दुसरी माझ्या खिशात गेली होती. सगळी मोजणी वाया गेली. तुझ्या प्रोग्रॅममध्ये माणसं सरकत नाहीत, असं सुदर्शन म्हणाला. ही त्रुटी नोंदवून ठेवावी.

आज दुपारी चाचणी पुन्हा झाली. या वेळी आम्ही हललो नाही, कारण सुदर्शनने आम्हाला मुळातच एका बाजूला बसवलं आणि उजवीकडे त्यांच्या ऑफिसातला एक जाडा मुलगा घेतला; कॉम्प्युटरमध्येही तसाच पाचवा माणूस बसवला. तुझे आकडे आणि गाडीचे आकडे जुळले. सुदर्शन प्लॉटवरच नाचला. मी नाचलो नाही, पण आत आल्यावर चहा दोन वेळा घेतला, आणि दुसरा कप मागताना कुणालाही मध्ये घातलं नाही.

तुझे
तात्याकाका


वरचा मजला
१० जून

ती. काका-काकू यांस,

नियमाप्रमाणे एक महिन्याची लेखी नोटीस देत आहे.

बंगळूरचं टळलं. पण काम जर्मन लोकांना इतकं पसंत पडलं की त्यांनी मला वर्षभरासाठी स्टुटगार्टला बोलावलं आहे. तिथल्या लोकांचेही दोन प्रोग्रॅम भांडतात म्हणे. कधी वाटतं, जमलं नसतं तर बरं झालं असतं का? पण तसं म्हणणंही खोटंच. मला जायचंही आहे, आणि हा जिना उतरून जायचंही नाही.

सामान बांधते आहे. काकू, पोळपाट तुमच्याकडे ठेवते. काका, हा कागद मी फटीतून सरकवत नाही. समोर येऊन वाचून दाखवणार आहे. बेल वाजवणार आहे.

श्रद्धा


पुणे
२२ सप्टेंबर

चि. श्रद्धास, मुक्काम स्टुटगार्ट, अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी सांगते आहे आणि हे लिहीत आहेत. माझा चष्मा दुरुस्तीला दिला आहे, आणि गणपतीत दुकान बंद. तेव्हा अक्षर ह्यांचं असलं तरी म्हणणं माझं आहे, हे ध्यानात ठेव.

उकडीचे मोदक केले होते. तुझ्या वाटणीचे दोन बाजूला काढून ठेवले होते, ते रात्री ह्यांनी खाल्ले. वरची खोली अजून भाड्याने दिलेली नाही. तीन जण येऊन गेले. ह्यांना एकही पसंत पडत नाही. एकाला म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं नाही. त्याने अजून काही लिहिलंच नव्हतं.

मागच्या आठवड्यात सुदर्शन येऊन गेला. आमच्या मारुतीला बाहेरून एसी बसवून मिळतो म्हणाला. ह्यांनी आधी पेट्रोलचं शास्त्र सांगितलं. मग गाडी स्वतःच गॅरेजला नेली. परवा नाशिकला जाऊन आलो, काचा लावून. माझ्या बहिणीसमोर हे म्हणाले की इंदूला कष्टाची फार सवय आहे, म्हणून मी एसी बसवला. बहीण माझ्याकडे बघतच राहिली. मी आत जाऊन पाणी प्यायले, नाहीतर तिथेच रडले असते.

तिकडे थंडी पडायला लागली असेल. अंगावर घे. एकटी जेवू नकोस. कुणाचं काही बोलणं मनाला लागलं, तर लगेच उलट बोलू नकोस. तूच शिकवलंस ते. आणि वर्ष संपलं की सरळ इथे ये, खोली तुझीच आहे, हे असं मी ह्यांना लिहायला सांगितलं, आणि ह्यांनी एकदाही "भाडं" म्हटलं नाही.

तुझी
इंदूकाकू

ता. क. मूळ मजकूर, विशेषतः मोदकांचा, पुष्कळ तिखट होता. मी निम्मा लिहिला आहे.
— तात्याकाका

लिमये वहिनींचा चष्मा लावून मी सगळं वाचलंय. जाऊ दे तसंच.
— इंदूकाकू